अद्‌भुत कथा आणि आपला धम्म

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या सभेतील भाषण)



 

समितीने मला ‘धम्म आणि कामगार’ या विषयावर बोलायला सांगितले होते. मी सूतगिरणीतला माणूस, रिंग खात्यात उभं आयुष्य गेलं, तेव्हा तो विषय मला सोपा गेला असता. पण मी अध्यक्षांची परवानगी घेऊन विषय बदलून घेतला. कारण आपल्या विहारात एक वाद गेली काही वर्षे धुमसतोय, त्यावर कोणी उघड बोलत नाही. चहाच्या वेळी बोलतात, सभेत बोलत नाहीत. तो वाद म्हणजे जिन्याखालच्या खोक्यांचा.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णामाईने सांगलीत काय केले ते आपण सगळ्यांनी बघितले आहे. विहारात पाणी शिरले, ग्रंथालयाच्या कपाटाचे खालचे दोन कप्पे पाण्यात गेले. पाणी ओसरल्यावर आपल्या पोरांनी ती पुस्तके गच्चीवर उन्हात एकेक पान सोडवून वाळवली. काही वाचली, बरीच गेली. मग गावोगावच्या मंडळींनी पुस्तकांची खोकी पाठवली. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण खोकी उघडली तर निम्म्या पुस्तकांत चांदोबाचे जुने बांधीव अंक, वेताळपंचविशी, अरबी सुरस गोष्टी आणि तो इंग्रजांचा जादूगार पोरगा, हॅरी पॉटर. त्यावर आपल्यातले एक ज्येष्ठ उपासक उठले आणि म्हणाले, “आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. देव, राक्षस, मंत्र, जादू यांची पुस्तकं विहाराच्या कपाटात ठेवायची? उद्या पोरं विचारतील तर काय सांगाल?” त्यांचा मुद्दा बिनचूक होता असे त्या दिवशी सगळ्यांना वाटले. खोकी बांधून जिन्याखाली गेली.

आता मी जे बोलणार आहे ते त्यांच्या विरुद्ध नाही. कारण तीस वर्षांपूर्वी तेच बोलणारा माणूस मी होतो. नुसता बोललो नाही, करून दाखवले.

माझा जन्म कोरेगाव तालुक्यातला, जिल्हा सातारा. वडील लवकर गेले. आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला जायची. आमच्या शाळेत एक गुरुजी होते, त्यांच्या घरी चांदोबा यायचा. जुने अंक ते मला द्यायचे. आईला अक्षर ओळखता येत नव्हते, म्हणून रात्री चिमणीच्या उजेडात मी वाचायचो आणि ती ऐकायची. विक्रम राजा झाडावरून प्रेत खांद्यावर घेतो, त्यातला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न घालतो. उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोकं फुटेल, आणि बोललास तर मी परत झाडावर. माझ्या वयाच्या माणसांना ते चित्र आठवत असेल. शंकर नावाचे चित्रकार ते काढायचे, २०२० साली वारले. चांदोबाही २०१३ पासून बंद आहे.

पुढे मी जत्रेत वेताळपंचविशीचे स्वस्तातले पुस्तक घेतले. त्यात मंदारवतीची गोष्ट आहे. तिला मागणी घालणारे तीन तरुण असतात आणि लग्नाआधीच ती मरते. एकजण तिची राख अंथरून तिथेच झोपतो, दुसरा अस्थी घेऊन गंगेला जातो, तिसरा फिरत फिरत मेलेल्याला उठवायचा मंत्र मिळवून आणतो. ती जिवंत होते. वेताळ विचारतो, आता ती बायको कुणाची? राजा म्हणतो, जीव दिला तो बापाच्या जागी, अस्थी नेल्या तो मुलाच्या जागी, राखेवर झोपला तोच नवरा. मला ते उत्तर फार हुशारीचे वाटले होते. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “आन् तिला कुणी इचारलं का रं?”

बांधवांनो, माझी आई शाळेची पायरी चढली नव्हती. पण विक्रम राजाचं उत्तर तिने एका वाक्यात खोडले. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

१९८३ साली माझ्या धाकट्या बहिणीला फेफरे यायला लागले. ती नऊ वर्षांची होती. भावकीने सांगितले, बाहेरची बाधा आहे. शेजारच्या गावात एक देवर्षी होता, त्याच्याकडे नेले. अंगारा, लिंबं, कोंबडं, सगळं झालं. त्याने सांगितले तीन अमावास्या होईपर्यंत डॉक्टरची पायरी चढायची नाही आणि मनात शंका आणायची नाही, शंका आणली की गुण जातो. मिरजेचे दवाखाने साऱ्या महाराष्ट्राला माहीत. कोरेगावला गाडीत बसले की मिरज. आम्ही गेलो नाही. दुसऱ्या अमावास्येनंतर चार दिवसांनी पोरगी पाण्याच्या हौदाजवळ एकटी असताना तिला झटका आला. एवढंच सांगतो.

पुढे मी कामासाठी सांगलीला आलो, बदली कामगार म्हणून गिरणीत लागलो. १९९०-९१ हे बाबासाहेबांचे जन्मशताब्दी वर्ष. त्या वर्षात माझ्यासारख्या कितीतरी पोरांचे डोळे उघडले. तिसरी पाळी करून मी सकाळी वाचनालयात जाऊन बसायचो, कानात साच्यांचा आवाज घुमत असायचा आणि समोर पुस्तक. त्या वाचनात मला कळले की माझी बहीण कशाने गेली. ती फेफऱ्याने गेली नाही, भुताखेतांवरच्या विश्वासाने गेली. त्या रागात मी गावी गेलो, माळ्यावरचे चांदोबाचे सगळे अंक आणि ती वेताळपंचविशी खाली काढली आणि आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातली. आई उंबऱ्यात बसून बघत होती. ती अडवायला आली नाही. एवढंच म्हणाली, “त्यातला राजा काय वाईट नव्हता.”

मला त्या वेळी तिचा रागच आला. इतकं होऊनही हिला समजत नाही असं वाटलं. ती काय म्हणत होती हे समजायला मला पुढची दहा-बारा वर्षे लागली आणि ते समजावलं कुणी? तर आपल्याच जातकांनी.

एका वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन माझ्याकडे होते. तयारीसाठी म्हणून मी दुर्गा भागवतांनी केलेला जातकांचा मराठी अनुवाद वाचायला घेतला, ‘सिद्धार्थ जातक’ या नावाचा. पाली जातकात पाचशे सत्तेचाळीस गोष्टी आहेत. वाचायला लागलो आणि घाबरलो. इथे तर हरिण बोलते, माकड बोलते, सहा दातांचा हत्ती आहे, यक्ष आहेत, नाग आहेत, आकाशातून उडत जाणारे तपस्वी आहेत! चांदोबात होते ते सगळे इथे आहे. खरे तर चांदोबातच इथले काही गेलेले. मग मी काय करू? तेव्हा जशी वेताळपंचविशी चुलीत घातली तशी जातके पण घालू? अजिंठ्याच्या भिंतीवर आपल्या पूर्वजांनी तो सहा दातांचा हत्ती रंगवला, ती भिंत पण खरडून काढू?

त्यातले एक जातक सांगतो, ‘अंब जातक’. माझ्या मते प्रत्येक विहारात ते दर वर्षी वाचले पाहिजे.

वाराणसीच्या पुरोहिताच्या घरात साथ येते, सगळे मरतात, एक मुलगा भिंत फोडून पळून जातो. तक्षशिलेला शिकतो. हिंडत हिंडत एका गावी येतो तिथे चांडाळांची वस्ती असते. त्यातल्या एका शहाण्या चांडाळाला मंत्र येत असतो. अवेळी आंब्याच्या झाडाला फळ आणायचा. पोरगा त्याच्या घरी राबतो, लाकडे फोडतो, पाणी भरतो, गुरुपत्नीच्या बाळंतपणात सगळी घाण काढतो. शेवटी गुरू मंत्र देतो आणि बजावतो, या मंत्रावर तुला मान मिळेल, पैसा मिळेल. पण राजा विचारील, हे तुला कुणी शिकवले? त्या वेळी माझी लाज वाटून तू ब्राह्मणाचे नाव सांगितलेस तर मंत्र गेला म्हणून समज.

पोरगा वाराणसीला येतो. झाडापासून सात पावलांवर उभा राहून मंत्र म्हणतो, पाणी शिंपडतो. जुनी पाने गळतात, पालवी येते, मोहोर येतो, आंबे पिकून खाली पडतात. राजा खूष. विचारतो, कुणाकडे शिकलास? आणि पोरगा म्हणतो, तक्षशिलेच्या जगप्रसिद्ध आचार्यांकडे. त्याच क्षणी मंत्र जातो. पुढच्या वेळी राजा आंबे मागतो तेव्हा हा झाडाखाली नुसता बसून राहतो. आज नक्षत्र बरोबर नाही म्हणून थाप मारतो. थाप चालत नाही, खरे सांगावे लागते. राजा त्याला हाकलून देतो आणि सांगतो, ज्याच्याकडून शिकलास तोच तुझा श्रेष्ठ, जात काय बघतोस, जा, त्याच्या पाया पड. तो जातो. गुरू परत मंत्र देत नाही.

आता मला सांगा, मंत्राने आंबे येतात हे मी मानतो का? नाही. आपल्याकडे गारुडी जत्रेत कोय पुरून, टोपली झाकून आंब्याचे झाड करून दाखवायचा, त्याची युक्ती आपल्याला माहीत आहे. पण या गोष्टीतला आंबा म्हणजे शिक्षण आहे, नोकरी आहे, मान आहे, आणि प्रश्न असा आहे की राजाने विचारल्यावर गुरूचे नाव सांगशील का? हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीचा असेल, पण तो माझ्या घरातला आहे. माझा पुतण्या शिकून पुण्याला इंजिनिअर झाला. त्याच्या शिक्षणासाठी आम्ही दोघा भावांनी ओव्हरटाईम केला. मी त्याच्या खोलीवर गेलो तर बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर नाही. विचारले तर म्हणाला, “काका, घरमालक कसा आहे माहीत नाही, आत कपाटात ठेवलाय.” मी त्याला रागावलो नाही. भाड्याने खोली मिळवताना आडनाव ऐकून कशी दारे बंद होतात हे मला माहीत आहे. मी रात्री जेवताना त्याला अंब जातक सांगितले, गोष्ट म्हणून. त्याने ताटातली भाकरी अर्धी ठेवली. पुढे दोनदा गेलो, फोटो अजून कपाटातच आहे. पण आता तो मला स्टँडवर न्यायला येतो तेव्हा डोळ्याला डोळा देत नाही. माझ्या दहा भाषणांनी जे झाले नसते ते त्या खोट्या आंब्यांनी केले. चांगले केले की वाईट, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

आता मूळ आक्षेपाकडे येऊ. चमत्काराचे काय करायचे?

भगवान बुद्धांनी याचा निकाल स्वतःच लावलेला आहे. विनयपिटकात पिंडोल भारद्वाजाची हकीकत आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने चंदनाचे भिक्षापात्र उंच बांबूवर टांगले आणि म्हणाला, ज्याच्या अंगी सिद्धी असेल त्याने घ्यावे. पिंडोल हवेत उडाला आणि घेऊन आला. लोक टाळ्या वाजवत मागे लागले. तो उडाला का नाही हे सोडा, पुढे काय झाले ते बघा. भगवंतांनी त्याला शाबासकी दिली नाही. लाकडाच्या तुकड्यासाठी खेळ करून दाखवतोस म्हणून त्याची कानउघाडणी केली, ते पात्र फोडून, उगाळून भिक्खूंच्या डोळ्यांच्या अंजनात घालायला लावले आणि गृहस्थांपुढे चमत्कार दाखवायला बंदी केली. दीघनिकायातल्या केवट्ट सुत्तात तर ते तीन प्रकारची प्रातिहार्ये सांगतात. ऋद्धीचे, म्हणजे उडणे, पाण्यावर चालणे; दुसरे मन ओळखण्याचे; आणि तिसरे अनुशासनाचे, म्हणजे शिकवणुकीने माणूस बदलण्याचे. पहिल्या दोहोंची त्यांना शिसारी येते, असे ते स्पष्ट म्हणतात. कारण ज्याचा विश्वास नाही तो म्हणेल ही तर गांधारी विद्या. चमत्काराने काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून माझी कसोटी अशी. गोष्टीत चमत्कार आहे का, हे मी बघत नाही. चमत्कार कुणाच्या कामाला जुंपला आहे हे बघतो. पहिल्या दोन प्रकारांपाशी गोष्ट थांबते, का तिसऱ्यापर्यंत जाते?

आणि इथे मी आईकडे परत येतो. विक्रम राजाची चूक काढणारी माझी आई त्या देवर्ष्याला एक शब्द विचारू शकली नाही. तीच बाई, तेच डोके. असे का झाले? वर्षानुवर्षे मी विचार केला. गोष्टीने तिला विचारायला लावले होते आणि देवर्ष्याने विचारायला बंदी केली होती. गोष्ट पहिल्याच ओळीत कबूल करते की मी आटपाट नगरातली आहे, कोणे एके काळची आहे. ती पैसे मागत नाही, दवाखान्यात जाऊ नको म्हणत नाही. बुवा म्हणतो माझे खरे आहे, आज आहे, इथे आहे आणि शंका घेशील तर मरशील. मी पुस्तके जाळली, पण ज्याला धरायचे तो पुस्तकात नव्हताच.

आपल्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर हे नेमके याच फरकावर आयुष्यभर उभे राहिले. मिरजेच्या मेडिकल कॉलेजात शिकलेला, कबड्डीचे मैदान गाजवलेला हा माणूस. त्यांची लढाई फसवणाऱ्या बुवाशी होती, पोरांच्या कल्पनेशी नव्हती. ते ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादक होते आणि त्यांनी मुलांसाठी खास दिवाळी अंक काढले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. त्या कायद्यात नरबळी आहे, अघोरी प्रथा आहेत, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण आहे. गोष्ट सांगणे हा त्यात गुन्हा नाही.

आणि गंमत बघा. ज्या वेताळपंचविशीला मी चुलीत घातले ती गोष्ट मुळात आहे कशाची? सोमदेवाच्या कथासरित्सागरात, अकराव्या शतकात, तिची चौकट दिली आहे. एक भोंदू तपस्वी राजाला रोज एक फळ आणून देतो. राजा ते भांडारात टाकून देतो. एक दिवस माकड ते फळ फोडते तर आत रत्न. राजा भारावून जातो, म्हणेल ते करायला तयार होतो. म्हणून तो रात्री स्मशानातून प्रेत आणायला निघालेला असतो. त्या तपस्व्याला द्यायचा असतो राजाचाच बळी! आणि राजाला सावध कोण करतो? वेताळ. सगळे प्रश्न विचारून झाल्यावर वेताळ सांगतो, हा तुला नमस्कार घालायला सांगेल, तू म्हण मला येत नाही, आधी तू करून दाखव. तपस्वी वाकतो आणि त्याचाच निकाल लागतो. म्हणजे जे पुस्तक मी बुवाबाजीचे म्हणून जाळले ते भोंदू बाबाचे बिंग फोडणारे पुस्तक होते. मी पहिले पान आणि शेवटचे पान कधी नीट वाचलेच नव्हते.

पण मंडळी, म्हणून खोकी आहेत तशी उचलून कपाटात ठेवा असेही मी म्हणणार नाही. आपण कुणाची लेकरे आहोत हे विसरायचे नाही. ज्या सातारला ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी हे नाव शाळेच्या रजिस्टरात लागले, त्या मुलाच्या घरी वडील सुभेदार रामजी रामायण-महाभारत वाचून घेत असत. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’साठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी ते सांगितले आहे. त्यांनी वडिलांना विचारले, ज्या ग्रंथांत आपल्याला हीन मानले ते आम्ही का वाचायचे? वडील म्हणाले, द्रोण आणि कर्ण बघ, किती साधी माणसे आणि केवढी उंची गाठली. वाल्मीकी बघ, कोळी असून रामायण लिहिले. न्यूनगंड जावा म्हणून सुभेदारांनी त्यातले चांगले वेचून मुलापुढे ठेवले. मुलाला त्यात तथ्य वाटले पण समाधान झाले नाही. भीष्म-द्रोण बोलतात एक, करतात एक, असे त्याचे मत झाले. मला वाटते, दोघेही बरोबर होते. वडिलांनी वाचायला दिले हे बरोबर आणि मुलाने प्रश्न विचारला हेही बरोबर. वाचलेच नसते तर विचारले कशाला असते?

म्हणून चांदोबालाही प्रश्न विचारला पाहिजे. त्यातला राक्षस दर वेळी काळाच का? राजकन्या अर्ध्या राज्यासोबत बक्षीस म्हणून का दिली जाते? तिला कुणी विचारलं का? गावकुसाबाहेरचा माणूस गोष्टीत येतो तो चोर नाहीतर मांत्रिक म्हणूनच का? आणि हाच प्रश्न आपल्या जातकांनाही. वेस्सन्तर राजपुत्र दानाचा महिमा म्हणून पोटची दोन लेकरे आणि बायको देऊन टाकतो. मला ते कधी पटले नाही. माझ्या मंडळींना ही गोष्ट सांगितली तर म्हणाल्या, “दान स्वतःचं करावं, दुसऱ्याचं नव्हं.” कुणाला हे पाखंड वाटेल तर मिलिंदपञ्ह उघडून बघा. ग्रीक राजा मिलिंदाने नागसेन भंतेंना हाच सवाल केला आहे, दुसऱ्यांना दुःखात टाकून केलेले दान चांगले कसे? नागसेनांनी उत्तर दिले. पण विचारू नको असे म्हटले नाही. आपल्या परंपरेत प्रश्नाला जागा आहे ती अशी.

जुने भांडे ठेवून आतले बदलता येते हे आपल्या सांगली जिल्ह्याला कुणी सांगायला नको. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठेंनी तमाशाचा गण ठेवला, पण गणपतीच्या जागी मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आणले.

शेवटी त्या हॅरी पॉटरचे सांगतो, कारण खोकी उघडायला तोच कारण झाला. माझी धाकटी मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. तिने मला न विचारता जिन्याखालून ‘हॅरी पॉटर आणि परीस’ हे पुस्तक काढून नेले. मी रात्री पाळीवरून आलो तर पोरगी वाचत जागी. मी ओरडणार तेवढ्यात ती म्हणाली, “पप्पा, ह्यात पण आपल्यासारखंच आहे.” आईबापाविना पोरगा मावशीच्या घरी जिन्याखालच्या कपाटात झोपतो. मला आपली खोकी आठवली. पुढचे भाग तिने मैत्रिणीकडून मिळवले. दुसऱ्या भागात, ज्यांचे आईबाप जादूगार घराण्यातले नाहीत अशा मुलांना घाणेरड्या रक्ताचे म्हणून शिवी देतात. आणि वर्गात सगळ्यात हुशार मुलगी कोण, तर तशाच घरातली, दातांच्या डॉक्टरांची. ती मुलगी पहाटेपर्यंत वाचते, हात वर करते, उत्तरे देते. त्यात घरगडी म्हणून राबणारी बुटकी माणसे आहेत, उशीचा अभ्रा नेसणारी. मालकाने कपडा दिला तर त्यांची सुटका. माझ्या मुलीने हे मला भाकरी करता करता सांगितले आणि मी ऐकत बसलो, जशी माझी आई ऐकायची.

मी तिला माझा आक्षेप पण सांगितला. चौथ्या भागात ती हुशार मुलगी त्या गड्यांची संघटना काढायला निघते, पगार आणि सुट्टी मागते आणि सगळे तिची टिंगल करतात. गड्यांनाच गुलामी गोड वाटते असे दाखवले आहे. मी युनियनचा माणूस. म्हटले, ही लेखिका इथे घसरली. पोरगी म्हणाली, “पप्पा, तुमच्या खात्यात पण आधी सगळे तुम्हाला हसायचेच की.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

तर माझी समितीला विनंती अशी आहे. खोकी वर काढावीत. अंधश्रद्धा विकणारी, मंत्राने रोग बरे करतो म्हणणारी, राशिभविष्याची पुस्तके त्यात आहेत, ती मी स्वतः वेगळी काढून ठेवली आहेत, ती रद्दीत जावीत. गोष्टीची पुस्तके कपाटात यावीत. मुलांच्या रविवारच्या संस्कार वर्गात पंचशील झाल्यावर एक गोष्ट वाचावी, जातकातली, चांदोबातली, कुठलीही, आणि उत्तर सांगणारे पान झाकून ठेवावे. आधी पोरांना विचारावे, नंतर पान उघडावे. मोठ्या माणसांनी मध्ये बोलू नये, मी पण नाही.

दोन रविवार आम्ही हे करून बघितले. मंदारवतीची गोष्ट सांगितली. एक सात वर्षांचा मुलगा म्हणाला, राखेवर झोपणाऱ्याला थंडी वाजली असेल. एक मुलगी म्हणाली, ती जिवंत झाली तर आधी तिला जेवायला द्या. माझी आई हयात असती तर तिला हे सांगायला मी त्याच दिवशी गाडी पकडून गावी गेलो असतो.

कपाटाची किल्ली सध्या माझ्याकडे आहे. पहिली पाळी असली की मी चारनंतर इथे असतो, रविवारी सकाळी दहाला उघडतो. आपल्या ज्येष्ठ उपासकांनी पुढच्या रविवारी यावे, त्यांच्यासाठी अंब जातकाचे पान मी खूण घालून ठेवले आहे.